हॅरिस काउंटीचा कारभार आणि कोर्टं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून ह्यूस्टनला आलेल्या माणसाच्या डोक्यात सरकारचा एक नकाशा आधीच पक्का असतो. तलाठी, तहसीलदार, त्यांच्यावर कलेक्टर; दुसरीकडे जिल्हा परिषद, महापालिका; आणि या सगळ्यांपासून वेगळं जिल्हा न्यायालय. तोच नकाशा घेऊन इथे काम करून घ्यायला गेलं की माणूस पहिल्याच खिडकीवर अडतो. गेली बरीच वर्षं मंडळाच्या कार्यक्रमांत, मुलांच्या शाळेबाहेर, गणपतीच्या आरतीनंतरच्या गप्पांत मला विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ही माहिती टेक्सासमधल्या हॅरिस काउंटीची आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि ह्यूस्टनचा बहुतेक भाग याच काउंटीत येतो. शेजारच्या फोर्ट बेंड काउंटीतही घडण बहुतांशी हीच आहे. कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत मात्र वेगळी आहे.

इथला कलेक्टर कोण?

कोणीच नाही, आणि हे एकदा मनात उतरलं की पुढचं सगळं सोपं होतं. आपल्याकडे कलेक्टर राज्य सरकार नेमतं आणि जिल्ह्याचे बरेचसे धागे त्या एका टेबलावर येतात. टेक्सासमध्ये ते धागे मुद्दाम वेगवेगळ्या हातांत दिलेले आहेत. राज्याची सध्याची घटना १८७६ सालची. यादवी युद्धानंतरच्या काळात गव्हर्नर एडमंड डेव्हिस यांच्या हातात फार सत्ता एकवटली, असा राग तेव्हा अनेकांच्या मनात होता. घटना लिहिणाऱ्यांनी म्हणून सत्तेचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी निवडणूक ठेवली. शेरिफ, दोन क्लर्क, कर गोळा करणारा अधिकारी, सरकारी वकील, न्यायाधीश हे सगळे थेट मतदारांनी निवडलेले. त्यांच्यात कोणी कोणाचा साहेब नाही. त्यामुळे ‘वरच्यांकडे तक्रार करतो’ हे वाक्य इथे फारसं चालत नाही. त्या माणसाच्या वर मतदारच असतात.

राज्यात अशा २५४ काउंट्या आहेत. २०२० च्या जनगणनेत हॅरिस काउंटीची लोकसंख्या ४७ लाखांवर होती, म्हणजे शेजारच्या अख्ख्या लुइझियाना राज्यापेक्षा जास्त. त्याच जनगणनेत पश्चिम टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत ६४ माणसं होती. दोन्हीकडे एक काउंटी जज आणि चार कमिशनर. हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

काउंटी जज म्हणजे न्यायाधीशच ना?

नावाने हो, कामाने हॅरिस काउंटीत जवळपास नाही. इथला काउंटी जज कमिशनर्स कोर्टाचा अध्यक्ष असतो आणि वादळ-पुराच्या वेळी काउंटीच्या आपत्ती व्यवस्थापनाचा प्रमुख असतो. हरिकेन येतंय, अमुक भाग रिकामा करा, असा आदेश त्याच्या सहीने निघतो. लहान काउंट्यांमध्ये मात्र तोच माणूस सकाळी अंदाजपत्रकावर चर्चा करतो आणि दुपारी खटले ऐकतो. त्यासाठी तो वकील असायलाच हवा असंही नाही. घटनेने त्याला राज्याच्या कायद्याची चांगली जाण असावी एवढीच अट घातली आहे.

तसंच ‘कमिशनर्स कोर्ट’ हेही कोर्ट नव्हे. काउंटी जज आणि चार कमिशनर अशा पाच जणांची ती कारभारी सभा आहे. चौघं आपापल्या विभागातून निवडून येतात, जज सगळ्या काउंटीतून. मुदत चार वर्षांची. जजचं मतही एकच, इतर चौघांएवढं.

मग हे पाच जण नेमकं काय ठरवतात?

काउंटीचं अंदाजपत्रक, कराचा दर, शहरांच्या हद्दीबाहेरचे रस्ते आणि पूल, बागा, तुरुंगासाठीचा पैसा, पूरनियंत्रण. शेरिफला किती पैसे द्यायचे हे ते ठरवतात, पण ते पैसे घेऊन शेरिफने पोलिसी कशी करावी हे सांगू शकत नाहीत.

एक बारीक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. साध्या निर्णयाला पाचपैकी तीन हजर असले तरी चालतं, पण कर ठरवताना चार हजर असावे लागतात. २०२२ मध्ये दोन रिपब्लिकन कमिशनर बैठकांना आलेच नाहीत. बहुमत दुसऱ्या बाजूकडे होतं, पण चौथा माणूस नव्हता, म्हणून प्रस्तावित दर मंजूर होऊ शकला नाही. २०१९ मध्येही असंच घडलं होतं.

काउंटीला काय करता येत नाही, हेही कळायला हवं. राज्याने कायद्याने दिलेत तेवढेच अधिकार तिला आहेत. शहराबाहेरच्या जमिनीवर कुठे घरं आणि कुठे कारखाना, हे ठरवण्याचा अधिकार तिला जवळजवळ नाहीच. घरामागे काँक्रीटचा प्लांट येतोय म्हणून काउंटीकडे गेलेल्या लोकांना हे ऐकून धक्का बसतो. त्याचा हवाप्रदूषणाचा परवाना राजधानी ऑस्टिनमधलं राज्याचं पर्यावरण खातं देतं, आणि हरकतही तिथेच नोंदवावी लागते.

माझ्या पत्त्यात ‘ह्यूस्टन’ आहे. म्हणजे मी ह्यूस्टन शहरात राहतो ना?

तसं असेलच असं नाही. पत्त्यातलं गाव टपाल खात्याच्या सोयीने ठरतं. हॅरिस काउंटीतले २० लाखांहून जास्त लोक कुठल्याही शहराच्या हद्दीत राहत नाहीत. सायप्रस, स्प्रिंग, केटीच्या आसपासच्या कितीतरी वसाहती अशा आहेत. यांना महापौर नाही, नगरसेवक नाही. पाणी आणि सांडपाणी बहुतेक ठिकाणी ‘मड’ बघतं, म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. अग्निशमनासाठी वेगळं डिस्ट्रिक्ट, शाळांसाठी वेगळं, आणि प्रत्येकाचं निवडून आलेलं मंडळ वेगळं. उलट ह्यूस्टन शहराचे काही तुकडे फोर्ट बेंड आणि माँटगोमेरी काउंटीत शिरलेले आहेत.

मी स्वतः हे उशिरा शिकले. आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं तेव्हा चार दिवस मी शहराच्या तक्रार क्रमांकावर फोन करत होते. पाचव्या दिवशी एका शेजाऱ्याने विचारलं, ‘तुमचं घर शहरात आहे का, हे बघितलंत का?’ नव्हतं. त्या दिवसापासून नवीन घर घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, की आपण शहरात आहोत की नाही, आपलं मड कोणतं आणि कमिशनर, कॉन्स्टेबल यांचे विभाग कोणते, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मतदार ओळखपत्रावर यातले बरेच क्रमांक छापलेले असतात.

पुराच्या वेळी जबाबदारी कोणाची?

इथे २०१७ चं हार्वे चक्रीवादळ पाहिलेला कोणीही हा प्रश्न सहज विचारत नाही. उत्तरही एका नावाचं नाही. मोठे बायू, म्हणजे शहरातून वाहणारे संथ ओढे, हॅरिस काउंटी फ्लड कंट्रोल डिस्ट्रिक्टकडे आहेत. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनंतर १९३७ मध्ये विधिमंडळाने ते स्थापन केलं आणि त्याचा कारभार कमिशनर्स कोर्टाकडे आहे. शहराच्या हद्दीतल्या रस्त्यांवरची गटारं शहराची, हद्दीबाहेरची काउंटीची किंवा मडची. पश्चिमेकडची ॲडिक्स आणि बार्कर ही धरणं मात्र लष्कराच्या इंजिनिअर विभागाची, म्हणजे थेट केंद्राची. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांचे दरवाजे उघडण्याचा निर्णय काउंटीचा नव्हता.

बरोबर एका वर्षाने, २५ ऑगस्ट २०१८ ला, मतदारांनी पूरनियंत्रणासाठी अडीच अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. तुमच्या भागातल्या बायूचं काम कुठवर आलं हे विचारायचं असेल तर आपल्या कमिशनरच्या कार्यालयात विचारा. तो पैसा पाच जणांच्या सभेतूनच सुटतो.

शेरिफ, कॉन्स्टेबल आणि ह्यूस्टन पोलीस यांत फरक काय?

ह्यूस्टन पोलीस शहराचे, त्यांचा प्रमुख महापौर नेमतो. शेरिफ सगळ्या काउंटीतून निवडून येतो. काउंटीचा तुरुंग त्याच्याकडे असतो आणि शहरांबाहेरच्या भागाची गस्तही.

कॉन्स्टेबल या शब्दाने आपली फसगत होते. आपल्याकडे कॉन्स्टेबल म्हणजे पोलिसांतली पहिली पायरी. इथे तो निवडून आलेला अधिकारी असतो आणि त्याच्या हाताखाली शेकडो डेप्युटी असू शकतात. हॅरिस काउंटीत असे आठ कॉन्स्टेबल आहेत. कोर्टाची समन्स पोहोचवणं, भाडेकरूला घर खाली करायला लावण्याच्या हुकमाची अंमलबजावणी ही त्यांची मूळ कामं. शिवाय अनेक वसाहती करार करून, पैसे देऊन त्यांची जादा गस्त घेतात. तुमच्या सोसायटीच्या वर्गणीत तो खर्च धरलेला असू शकतो. तातडीच्या वेळी कोणाचं काय हे आठवत बसू नका, ९११ लावा.

प्रॉपर्टी टॅक्स इतका का, आणि भांडायचं कोणाशी?

टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, त्यामुळे स्थानिक कारभाराचा मोठा भार घरावर पडतो. बिल एक दिसलं तरी त्यात काउंटी, पूरनियंत्रण, बंदर, सरकारी रुग्णालयं, शाळा, शिवाय शहर किंवा मड असे अनेक वाटेकरी असतात. सगळ्यात मोठा वाटा साधारणपणे शाळांचा.

घराची किंमत एक जण ठरवतो, दर दुसरे ठरवतात, पैसे तिसरा घेतो. किंमत ठरवणारं अप्रेझल डिस्ट्रिक्ट काउंटीपासून स्वतंत्र आहे. २०२४ पासून त्याच्या संचालक मंडळावर तीन सदस्य मतदारांनी निवडलेले असतात. पैसे घेणारा टॅक्स असेसर-कलेक्टर. याच्या नावात ‘कलेक्टर’ आहे, पण आपल्या कलेक्टरशी नातं एवढंच. गाडीची नोंदणी आणि मतदार नोंदणीही त्याच्याकडेच असते.

किमतीविरुद्ध हरकत घ्यायची मुदत १५ मे, किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातली जी नंतर येईल ती. हरकत घेण्यात कसलीही लाज नाही. शेजारच्या तशाच घरांच्या किमती आणि आपल्या घरातल्या तुटफुटीचे फोटो घेऊन अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे जा. तिथे जमलं नाही तर नागरिकांच्या पुनर्विलोकन मंडळापुढे सुनावणी होते आणि त्यानंतर जिल्हा कोर्टातही जाता येतं. राहत्या घराची ‘होमस्टेड’ सवलत घेतली असेल तर करपात्र किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढत नाही. ही सवलत न मागता वर्षानुवर्षं जास्त कर भरणारी मराठी घरं मी पाहिली आहेत. अर्जाला पैसे पडत नाहीत. बिल ३१ जानेवारीपर्यंत भरायचं, १ फेब्रुवारीपासून दंड आणि व्याज.

दोन-दोन क्लर्क कशाला?

काउंटी क्लर्ककडे लग्नाचा परवाना, घराच्या खरेदीखताची नोंद, लहान धंद्याच्या नावाची नोंद आणि निवडणुका. डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे जिल्हा कोर्टांचं दप्तर आणि ज्युरीची समन्स. लग्नाचा परवाना मिळाल्यावर ७२ तास थांबावं लागतं आणि ९० दिवसांच्या आत लग्न लावावं लागतं. भारतातून गुरुजी आणि आजी-आजोबा येणार असतील तर हे दिवस आधी मोजून ठेवा.

कोर्टांची उतरंड कशी आहे?

खालून वर जाऊ या.

सगळ्यात खाली जस्टिस ऑफ द पीस, लोक ‘जेपी’ म्हणतात. हॅरिस काउंटीत आठ विभाग आणि प्रत्येकात दोन, असे सोळा जेपी आहेत. फक्त दंडाचे किरकोळ गुन्हे, २०,००० डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे आणि भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे खटले इथे चालतात. जेपी वकील असलाच पाहिजे अशी अट नाही. सामान्य माणसाला कोर्ट दिसतं ते बहुधा हेच, म्हणून जेपीच्या निवडणुकीकडे कोणी बघत नाही याचं मला फार वाईट वाटतं. त्याच पातळीवर शहरांची म्युनिसिपल कोर्टं असतात, पण तिथले न्यायाधीश ह्यूस्टनमध्ये निवडून येत नाहीत. त्यांना महापौर आणि नगर परिषद नेमते.

त्यावर काउंटी कोर्टं. फौजदारी बाजूच्या सोळा कोर्टांत मध्यम गुन्हे येतात, ज्यांना जास्तीत जास्त एक वर्ष तुरुंग आणि ४,००० डॉलर दंड होऊ शकतो. पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलं तर खटला सहसा इथे. दिवाणी काउंटी कोर्टं वेगळी, आणि मृत्युपत्र, वारसा, पालकत्व बघणारी प्रोबेट कोर्टं वेगळी. घरातलं माणूस गेल्यावर मृत्युपत्र साधारणपणे चार वर्षांच्या आत प्रोबेटला न्यावं लागतं. दुःखात हे राहून जातं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

काउंटीत सगळ्यात वर जिल्हा कोर्टं. गंभीर गुन्हे, मोठे दिवाणी दावे, घटस्फोट, मुलांचा ताबा, अल्पवयीनांचे खटले इथे. ती दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक आणि बाल अशी विभागलेली आहेत. हार्वेच्या पाण्याने फ्रँकलिन स्ट्रीटवरची फौजदारी न्यायालयाची उंच इमारत निकामी झाली, तेव्हा कित्येक न्यायाधीशांनी दुसऱ्यांच्या कोर्टरूममध्ये आळीपाळीने खटले चालवले. तारखांचा डोंगर साचला आणि तो उपसायला पुढची वर्षं गेली.

घरमालक डिपॉझिट परत देत नाही. काय करू?

घर सोडताना नवा पत्ता लेखी द्या. ही पायरी चुकली की पुढचं अडतं. त्यानंतर ३० दिवसांत त्याने डिपॉझिट किंवा कापलेल्या रकमेचा हिशेब पाठवायला हवा. नाही दिला तर जेपी कोर्टात दावा लावता येतो, वकील लागत नाही. त्याने वाईट हेतूने पैसे अडकवले असं ठरलं तर अडवलेल्या रकमेच्या तिप्पट आणि वर १०० डॉलर द्यावे लागतात. घरात शिरताना आणि निघताना काढलेले फोटो इथे उपयोगी पडतात.

ट्रॅफिकचं तिकीट मिळालं. कुठल्या कोर्टात जायचं?

तिकीट कोणी दिलं ते बघा. शहर पोलिसांनी दिलं तर म्युनिसिपल कोर्ट, शेरिफ, कॉन्स्टेबल किंवा राज्याच्या ट्रूपरने दिलं तर जेपी. वेगमर्यादेपेक्षा २५ मैलांहून कमी जादा वेग असेल आणि गेल्या वर्षभरात सवलत घेतली नसेल, तर बहुतेकदा ड्रायव्हिंगचा वर्ग करून तिकीट रद्द करून घेता येतं. तारखेच्या आत मागणी करावी लागते. तिकीट कप्प्यात टाकून विसरू नका, वॉरंट निघतं.

कोणाला अटक झाली तर पुढे काय होतं?

४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात. तिथे आरोप सांगतात आणि जामीन ठरतो. खटला चालवणारा डिस्ट्रिक्ट ॲटर्नी हाही निवडून आलेला असतो. गंभीर गुन्ह्यात बारा नागरिकांच्या ग्रँड ज्युरीतल्या किमान नऊ जणांनी होकार दिला तरच आरोपपत्र निघतं. वकील परवडत नसेल तर कोर्ट देतं, आणि भाषा समजत नसेल तर दुभाषाही मागता येतो.

व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ‘थोडासा दंड भरून मोकळे व्हा’ हा सल्ला तुमच्यासाठी धोक्याचा असू शकतो. गुन्हा कबूल केल्याचा परिणाम इमिग्रेशनवर होतो. तो परिणाम वकिलाने अशिलाला सांगितलाच पाहिजे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिला खटल्यात म्हटलं आहे. सही करण्याआधी हा प्रश्न तुम्हीच विचारा.

ज्युरी ड्युटीचं पत्र आलं, पण मी अमेरिकन नागरिक नाही.

नावं मतदार यादी आणि वाहन परवान्यांच्या यादीतून काढतात, म्हणून पत्र येतं. नागरिक नसल्याचं नोंदवून उत्तर पाठवा. फाडून टाकू नका. नागरिक असाल तर जायचं. १२ वर्षांखालच्या मुलांना सांभाळणारं दुसरं कोणी नसेल, विद्यार्थी असाल किंवा वय ७५ च्या वर असेल तर सूट मागता येते. पहिल्या दिवसाचे २० डॉलर आणि पुढच्या दिवसांचे ५८ डॉलर मिळतात. जिल्हा कोर्टात बारा जणांची ज्युरी, खालच्या कोर्टांत सहा जणांची. फौजदारीत निकाल एकमताने लागतो.

न्यायाधीश पक्षाच्या चिन्हावर निवडून येतात, हे खरं?

खरं. जिल्हा न्यायाधीश चार वर्षांसाठी, पक्षाच्या तिकिटावर. आपल्याकडून आलेल्याला हे पटत नाही, आणि मलाही पूर्ण पटलेलं नाही. हॅरिस काउंटीच्या मतपत्रिकेवर न्यायाधीशांचीच कितीतरी नावं असतात, आणि एका शिक्क्यात पूर्ण पक्षाला मत द्यायची सोय २०२० च्या निवडणुकीपासून बंद झाली. पण याच पद्धतीमुळे केरळमध्ये जन्मलेले सुरेंद्रन पट्टेल २०२२ मध्ये फोर्ट बेंडमधल्या २४० व्या जिल्हा कोर्टावर निवडून आले, हेही खरं.

निकाल मान्य नसेल तर?

जेपीच्या निकालावर काउंटी कोर्टात अपील होतं आणि खटला नव्याने ऐकला जातो. घर खाली करण्याच्या खटल्यात अपिलाला फक्त पाच दिवस असतात. काउंटी आणि जिल्हा कोर्टांच्या वर ह्यूस्टनमध्येच पहिलं आणि चौदावं अशी दोन अपील कोर्टं आहेत आणि दोघांचं क्षेत्र तेच दहा काउंट्यांचं. त्यांच्या वर ऑस्टिनमध्ये दोन सर्वोच्च न्यायालयं, दिवाणीसाठी टेक्सास सुप्रीम कोर्ट आणि फौजदारीसाठी कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्स. अशी जोडी अमेरिकेत फक्त टेक्सास आणि ओक्लाहोमात आहे.

एच-१बी, ग्रीन कार्डची प्रकरणं काउंटी कोर्टात जातात का?

नाही. इमिग्रेशन कोर्ट केंद्राच्या न्याय खात्याचं आहे.

ग्रीन कार्डवर स्थानिक निवडणुकीत तरी मत देता येतं का?

टेक्सासमध्ये नाही. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर ‘मतदार म्हणून नोंदवू का?’ असं विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा. चुकून ‘हो’ झाल्याने पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडचणीत येऊ शकतो. नागरिक झालात की निवडणुकीच्या ३० दिवस आधी नोंदणी करा. पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या मार्चमधल्या प्राथमिक निवडणुकीलाही जा. अनेक न्यायाधीश आणि कॉन्स्टेबल खरे तिथेच ठरतात, आणि त्यासाठी कुठल्या पक्षाचं सदस्य असावं लागत नाही.

मत नसेल तर आमचं ऐकणार कोण?

कमिशनर्स कोर्टाची बैठक खुली असते आणि कार्यक्रमपत्रिका आधी जाहीर होते. त्यातल्या कोणत्याही विषयावर निर्णयाआधी लोकांना बोलू द्यायलाच हवं, असा राज्याचा कायदा २०१९ पासून आहे. त्यात मतदार किंवा नागरिक असण्याची अट नाही. आधी नाव नोंदवायचं, आपली पाळी आली की मोजकी मिनिटं मिळतात. इंग्रजी अडखळतं म्हणून बिचकू नका. आमच्या गल्लीतल्या एका आजी तुंबलेल्या गटाराचे फोटो घेऊन तिथे उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचा मुलगा शेजारी उभा राहून एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होता.